मॅटवर मॅट

आमच्या दुकानासमोर ट्रक थांबला की ड्रायव्हरला वाटतं, मास्तर आधी सीट बघतील, फाटलेलं रेक्झिन चाचपतील, कापडाचे नमुने काढतील. तसलं काही होत नाही. आमचे हे केबिनचं दार उघडतात, वाकतात आणि ड्रायव्हरच्या पायाखालची मॅट धरून ओढतात. चांगला हिसका मारून. एकदा ब्रेकच्या बाजूला, एकदा सीटच्या बाजूला. जरा जरी सरकली तरी पुढचं बोलणं बंद. आधी ती मॅट बाहेर, मग सीट, मग रंग, मग काय ते.

नवे ड्रायव्हर हसतात. "मास्तर, मॅट नाही हो, सीटला कव्हर घालायचंय," असं म्हणतात. हे ओढतच राहतात. मग मी आतून ओरडते, "ओढू दे त्यांना! तुझ्याच जिवासाठी ओढतायत!" माझा आवाज जरा वरचाच आहे. शेजारचा पंक्चरवाला म्हणतो, वहिनी ओरडल्या की मला पंप चालू करावा लागत नाही, टायर आपोआप फुगतात. फुगू देत. मी कुणाला घाबरत नाही.

पण ह्यांना हसणारा माणूस मला खपत नाही. कारण ती मॅट ओढायला ते कुठं शिकले, हे मला माहीत आहे.

मुळात आमच्या ह्यांना जपायचं वेड. ते आलं सासूबाईंकडून. त्यांनी फार ओढगस्तीत दोन पोरं वाढवली. घरात एकच धड चादर होती, ती पाहुणे आले की अंथरायची आणि गेले की घडी करून ठेवायची. त्या म्हणायच्या, "वस्तू जपली की वस्तू आपल्याला जपते." थोरल्यानं, म्हणजे आमच्या ह्यांनी, हे वाक्य असं काही मनावर घेतलं की विचारू नका. मी लग्न होऊन आले तेव्हा घरातल्या खुर्च्यांवरचं दुकानातलं प्लॅस्टिक तसंच होतं. उन्हाळ्यात पाहुणा उठला की चर्रकन आवाज यायचा आणि बिचारा ओशाळायचा. टीव्हीला कव्हर, मिक्सरला कव्हर. टीव्हीचा रिमोट पिशवीत, पिशवीला रबर, आकडे दिसायचे नाहीत. आम्ही अंदाजानंच चॅनेल लावायचो. सोफ्याला ह्यांनी सुरेख कव्हर शिवलं आणि ते मळू नये म्हणून त्यावर जुनी चादर टाकली. म्हणजे कव्हराला कव्हर!

मी एकदा वैतागून म्हटलं, "अहो, मलाही एखादं शिवा. मी पण झिजतेच आहे की या घरात."

हे मान वर न करता म्हणाले, "तू कुठली झिजतेस? तू समोरच्याला झिजवतेस."

उठता बसता मी त्यांना म्हणायचे, अति तिथं माती. पुढं जे झालं, त्यानंतर ती म्हण मी तोंडातून काढलेली नाही.

दुकान मात्र याच वेडावर उभं राहिलं. मोठ्या रस्त्याला लागून पत्र्याचं शेड, आत जाड कापडाचं मशीन, भिंतीला रेक्झिनचे गुंडाळे, कोपऱ्यात फोमचे तक्ते, आणि सगळ्याला चिकटवायच्या सोल्युशनचा वास. ट्रकच्या आतलं सगळं हे करायचे. सीटचं कव्हर असं की एक चुणी दिसणार नाही. उन्हानं डॅशबोर्ड तडकू नये म्हणून त्यावर कापड. स्टिअरिंगला हातानं शिवलेलं वेष्टण. दाराला जिथं कोपर घासतं तिथं पॅड. बाहेरचा रंग काय, कुणीही मारतो, हे म्हणायचे. ड्रायव्हर घरात राहतो किती आणि केबिनमध्ये किती? त्याचं खरं घर आतलं.

मॅटच्या बाबतीत तर फारच काटेकोर. आधी रद्दीचा कागद केबिनच्या तळाला पसरायचा, पेडलच्या कडेनं अंगठ्यानं दाबत दाबत माप घ्यायचं, मग कापायचं. बसवली की दोन्ही कोपऱ्यांत तळाला पक्की बटणं. "हाताला लागतं ते मऊ हवं, पायाला लागतं ते पक्कं हवं," हे त्यांचं ठरलेलं. सैल मॅट ते कुणाला देत नसत. कधीच नाही.

आता बारक्याचं सांगते. बारक्या म्हणजे माझा धाकटा दीर. मी या घरात आले तेव्हा शाळेत होता, गुडघे कायम फुटलेले, आणि दप्तर कुठं टाकलं ते आठवत नसे. थोरला जितका जपणारा, तितका हा उधळ्या. सासूबाई गेल्या तेव्हा तो मिसरूड फुटायच्या वयाचा होता. मीच त्याला दटावलं, मीच वाढवलं. त्यानं लग्न केलं नाही. विचारलं की म्हणायचा, "वहिनी, घरात एक ओरडणारी आहे, दुसरी कशाला?" ट्रक चालवायला लागला आणि पोरगा सुधारला. हसरा, उंच, गाडीवर हात असा की म्हाताऱ्या ड्रायव्हरांनीही मान डोलवावी.

मग त्यानं स्वतःचा ट्रक घेतला. नवा कोरा. शोरूममधून तो सरळ दुकानासमोर आणून लावला आणि चावी ह्यांच्या हातावर ठेवली. "दादा, आतलं तुझं. मी मधे बोलणार नाही."

अगं बाई, काय जीव ओतला ह्यांनी त्यात! बाकीची गिऱ्हाइकं ताटकळली, पण हे बाहेर यायला तयार नाहीत. गडद हिरवं रेक्झिन, बारीक पांढरी शिवण. छताला आतून गादी. आणि मॅट तर अशी झाली की पाय ठेवावासा वाटू नये. काळी, जाड, कडेनं हिरवी गोट, पेडलपाशी नखाएवढीही फट नाही. नाकापेक्षा मोती जड म्हणतात तसं झालं ते. ट्रक पहिल्या खेपेला निघाला तेव्हा बारक्यानं बूट काढून हातात घेतले आणि अनवाणी चढला. आम्ही सगळे हसलो.

काही दिवस बरे गेले. मग त्याला चुन्याच्या भट्टीवरची खेप मिळाली. चुन्याची पूड म्हणजे सगळ्यांत वाईट. बुटाला लागून आत येते, ओली झाली की रेक्झिन खाते. सकाळी बारक्या निघायच्या बेतात होता, मी त्याचा डबा घेऊन दाराशी उभी होते, तेवढ्यात हे दुकानातून जुन्या रबराचा एक तुकडा घेऊन आले. पेडलच्या मापानं घाईत कापलेला. तो त्यांनी नव्या मॅटवर अंथरला.

बारक्या हसायला लागला. "मॅटवर मॅट? दादा, उद्या माझ्यावरही कव्हर चढवशील."

"चढवलं असतं. मापात बसत नाहीस," हे म्हणाले.

"याला बटण नाही लावलंस?"

"चार खेपांपुरतं आहे रे. बटण लावायचं तर खालच्या मॅटला भोक पाडावं लागेल."

एवढंच. जन्मभर ज्या माणसानं सैल मॅट कुणाला दिली नाही, त्यानं सख्ख्या भावाला दिली, आणि का, तर स्वतःच्या हातच्या मॅटला भोक पाडायला त्याचा जीव धजला नाही. बारक्यानं डबा घेतला, मला "येतो गं वहिनी" म्हणाला आणि गेला.

दुपारी फोन आला.

भट्टीवरून भरून येताना उतार लागतो. उताराच्या तळाशी वळणावर गाड्यांची रांग उभी होती. ट्रक थांबेना. बारक्यानं तो रांगेत जाऊ दिला नाही, कडेच्या दगडी बांधावर घातला. कुणाला खरचटलंही नाही. त्याचा मात्र उजवा पाय आत चेपला. डॉक्टरांनी फार प्रयत्न केले, पण गुडघ्याखाली पाय काढावा लागला.

शुद्धीवर आल्यावर जो येईल त्याला तो एकच सांगायचा, "ब्रेक लागला नाही." पोलिसांना तेच, मित्रांना तेच, आम्हालाही तेच. पुढं एक शब्द नाही. लोक आपापसात म्हणायचे, नव्या गाड्या हल्ली अशाच. कुणी कंपनीला नावं ठेवायचं, कुणी नशिबाला. हे खाटेच्या पायथ्याशी उभे राहून ऐकायचे.

दोन-चार दिवसांनी हे चेपलेला ट्रक बघायला गेले, केबिनमधलं बारक्याचं सामान आणायला. परत आले ते पायरीवरच बसले. काखेत तो रबराचा तुकडा होता. चुरगळून घडी पडलेला, आणि मधोमध ब्रेकच्या पेडलचा ठसा.

"सरकून ब्रेकखाली जाऊन अडकलं होतं," हे म्हणाले. "मी ओढून काढलं. मीच घातलं होतं ना गं ते?"

मी त्यांच्याशेजारी पायरीवर बसले, आणि दोघंही तिथंच बसून राहिलो. मग हे म्हणाले, "मी सांगणार आहे त्याला."

नाही सांगितलं. बारक्या घरी आला, तरी नाही. रोज सकाळी हे त्याच्या खोलीच्या दारात जायचे, उंबऱ्याशी उभे राहायचे, "चहा झाला का?" विचारायचे आणि वळायचे. मी चिडायचे. आतल्या आत नाही, चांगली भांडी आपटून. "बोला एकदाचं! शिव्या घालील, रडेल, काय करायचं ते करील. पण पोटात ठेवून कुजू नका!" हे म्हणायचे, "आणि त्यानं तोंड फिरवलं तर? मला दुसरं कोण आहे?" आपलेच दात, आपलेच ओठ.

त्यांनी दुकानाला कुलूप घातलं. गोदामात पोती रचायच्या कामाला जायला लागले, या वयात. सुई हातात धरली नाही. आणि एके दिवशी मी बाजारातून आले तर घरातली सगळी कव्हरं काढलेली. सोफा उघडा, खुर्च्या उघड्या, टीव्ही उघडा, रिमोटसुद्धा पिशवीतून बाहेर. सगळं शिवणकाम एका गाठोड्यात बांधून माळ्यावर टाकलेलं. इतकी वर्षं मी ज्याच्या नावानं बोटं मोडली ते गेलं, आणि मला त्या घरात बसवेना. एवढी भीती मला दवाखान्यातही वाटली नव्हती. माझा माणूस हातचा चाललाय, हे मला त्या उघड्या सोफ्याकडे बघून कळलं.

बारक्या मात्र आमच्याशी हसून बोलायचा. कुबड्या घेऊन खिडकीत बसायचा, रस्त्यानं जाणारा ट्रक नुसत्या आवाजावरून ओळखायचा. पुढं त्याला कृत्रिम पाय मिळाला. पाय बसवून देणाऱ्या केंद्रातल्या ताईंनी उभं राहायला शिकवलं, पावलं टाकायला शिकवलं. आणि तिथंच घोडं अडलं. तो पाय मांडीला एका पट्ट्यानं बांधायचा असतो. पट्टा कडक. चार पावलं टाकली की गुडघ्याच्या वर सोलून निघायचं. जखम भरली की पुन्हा घालायचा, पुन्हा सोलायचं. शेवटी त्यानं पाय काढला आणि दाराच्या मागं उभा करून ठेवला. "राहू दे वहिनी. बसून खायची सवय लागली मला," म्हणाला. हसत म्हणाला, पण डोळे हसत नव्हते.

त्यातच वजनकाट्यावरून निरोप आला. ट्रक तोलतात ना, तिथं माणूस हवा होता. तिथले सगळे बारक्याला ओळखणारे. पण केबिन लोखंडी जिन्यावर, आणि दिवसभर वर-खाली करायचं. कुबड्यांवर जमण्यातलं नव्हतं. महिनाअखेरपर्यंत जागा धरून ठेवतो, म्हणाले. तो पाय चालला नाही तर बारक्या त्या खिडकीतच म्हातारा होणार, हे आम्हा तिघांनाही दिसत होतं.

केंद्रातल्या ताईंनी सांगितलं, "पायाचं माप बरोबर आहे, पट्टाच टोचतोय. मऊ पट्टा मागवलाय, पण यायला वेळ लागेल. चामड्याचं चांगलं काम करणारं कुणी माहितीत असेल तर शिवून घ्या. मी मापं देते."

घरी येऊन बारक्यानं ह्यांच्यासमोरच म्हटलं, "दादा शिवेल."

हे जेवत होते. घास खाली ठेवला. "मी शिवत नाही आता," म्हणाले आणि उठले.

बारक्या ताटाकडे बघत बसला. आणि माझं डोकं सणकलं. मी ह्यांच्या मागोमाग अंगणात गेले आणि अख्ख्या आळीला ऐकू जाईल असं बोलले. "शिक्षा करून घेताय ना स्वतःला? घ्या! पण ती तुम्ही भोगत नाही आहात, तो भोगतोय! पाय त्याचा गेला, आणि सोंग घेऊन बसलाय तुम्ही! माफी मागायची हिंमत नाही ना? नका मागू. पट्टा शिवा. तोंडानं होत नसेल तर हातानं करा!"

हे आत गेले, खिळ्यावरची दुकानाची चावी घेतली आणि चपला अडकवल्या. मी पण निघाले. एकट्याला जाऊ देण्याची माझी तयारी नव्हती.

शटर उघडलं तर आत धुळीचा थर. मशीनवर कोळ्यानं जाळं केलेलं. ह्यांनी ते पुसलंही नाही, मशीनवर बसलेच नाहीत. सगळ्यांत मऊ चामडं काढलं, गालाला लावून बघितलं. आतून लावायला दाबलेल्या लोकरीचा मऊ नमदा काढला. खडूनं आखलं, कापलं, आणि हातानं शिवायला घेतलं. पहिल्या टाक्याला सुई बोटात गेली. इतक्या महिन्यांत हात विसरले होते. रक्त पुसलं आणि पुढं शिवायला लागले.

शिवण त्यांनी बाहेरच्या बाजूला घेतली, आत एकही टाका येऊ दिला नाही. कडा दुमडल्या, दुमडलेल्या कडेवर बोट फिरवलं, कुठं टोचलं की उसवलं, परत शिवलं. मी समोर स्टुलावर बसून होते. भिंतीला, रेक्झिनच्या गुंडाळ्यांमागं तो रबराचा तुकडा सुतळीनं बांधून उभा केलेला दिसला. ह्यांनी तो टाकलाच नव्हता. मी बघितला हे त्यांनी बघितलं. पंक्चरवाला एकदा डोकावला, आणि पहिल्यांदाच काही न बोलता चहा ठेवून गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी हे बारक्याच्या खोलीत गेले. या वेळी उंबऱ्याशी थांबले नाहीत. दाराच्या मागचा पाय उचलला, त्याच्यापुढं खाली जमिनीवर बसले आणि पट्टा जोडला. बारक्यानं पाय आत घातला. ह्यांनी पट्टा मांडीभोवती घेतला, बोटं घालून बघितलं, सुतभर ओढला, आणि दोन बटणं दाबली. टक, टक.

बारक्या उभा राहिला. खिडकीपर्यंत गेला. तिथून दारापर्यंत आला. परत खिडकीपर्यंत. मी त्याच्या चेहऱ्याकडे बघत होते, कळ येते का म्हणून. आली नाही. "वहिनी," तो म्हणाला, "टोचत नाही गं." माझ्या डोळ्यांना धार लागली. मी पदरानं पुसत राहिले, आणि पुसणार तरी किती!

हे मात्र खालीच बसलेले होते. मान खाली. एकदम बोलायला लागले. "बारक्या, त्या दिवशी ब्रेक गेला नव्हता. ते रबर... ते मी..."

बारक्या चालत आला आणि त्यांच्यासमोर थांबला. पट्ट्यावर हात ठेवून म्हणाला, "दादा, आता यावर आणखी एक कव्हर चढवणार नाहीस ना?"

हे वर बघायला लागले. मीही.

"पाय दाबला तेव्हाच कळलं मला," बारक्या म्हणाला. "खाली मऊ लागलं. ब्रेक असा मऊ लागत नाही."

"मग इतके दिवस..."

"काय बोलणार? मी पण ते काढून टाकलं नव्हतं. भट्टीवर एकदा सरकलं होतं, तेव्हा पायानंच मागं सारलं. काढावं असं मनातही आलं होतं, दादा. पण माझ्या बुटांना चुना होता, आणि तुझ्या त्या मॅटवर पाय ठेवायला माझाही जीव होईना."

हे लहान पोरासारखे रडले. त्याच्या त्या कृत्रिम पायाला मिठी मारून रडले. बारक्या एका हातानं खिडकीचा गज धरून उभा होता, दुसरा हात भावाच्या डोक्यावर. पडेल की काय म्हणून मी पुढं झाले, पण तो पडला नाही. पट्टा जागचा हलला नाही.

बऱ्याच वेळानं बारक्यानं परत विचारलं, "सांग ना. चढवणार नाहीस ना?"

"नाही," हे डोळे पुसत म्हणाले. "एकच. आणि बटण लावून."